एन्झाइमचा वेग आणि सबस्ट्रेटची संहती : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जीवरसायनशास्त्र शिकवताना एक आलेख मी फळ्यावर किती वेळा काढला असेल, त्याची मोजदाद नाही. आधी सरळ चढणारी, मग वाकणारी आणि शेवटी आडवी होत जाणारी रेघ. ती बहुतेकांना न बघता काढता येते, पण ‘ती का वाकते?’ असं विचारलं की उत्तरं डळमळतात. तास संपल्यावर आणि प्रात्यक्षिकांच्या वेळी मुलं जे प्रश्न घेऊन येतात ते इथे एकत्र केले आहेत. एन्झाइम म्हणजे सजीवांतल्या रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणारं प्रथिन; पाठ्यपुस्तकात त्याला विकर म्हणतात. ते ज्या पदार्थावर काम करतं तो सबस्ट्रेट, आणि द्रावणात तो किती दाट आहे ती त्याची संहती. मी बोलण्यातले शब्द वापरले आहेत.

सबस्ट्रेट वाढवला की वेग वाढतो हे कळलं. मग पुढे तो वाढायचा थांबतो कशामुळे?

एन्झाइमच्या रेणूवर सबस्ट्रेट बसण्याची जागा मोजकी असते, पुष्कळदा एकच. तिला सक्रिय स्थान म्हणतात. सबस्ट्रेटचा रेणू तिथे येऊन बसतो, त्याचं उत्पादितात रूपांतर होतं, उत्पादित सुटून जातं आणि जागा पुन्हा मोकळी होते. या एका फेरीला थोडा का होईना, वेळ लागतोच.

सबस्ट्रेट विरळ असतो तेव्हा एन्झाइमचे बहुतेक रेणू रिकामे असतात. द्रावणात फिरता फिरता एखादा सबस्ट्रेट येऊन धडकला तरच काम होतं. अशा वेळी संहती दुप्पट केली की धडका दुप्पट होतात आणि वेगही जवळजवळ दुप्पट होतो. आलेखाचा सरळ चढणारा भाग तो हाच. संहती वाढत गेली की एकेक जागा भरत जाते, आणि एक वेळ अशी येते की जागा सुटली रे सुटली की दुसरा रेणू तिथे हजर असतो. आता वेळ जातो तो फक्त आतल्या कामात. बाहेर कितीही गर्दी केली तरी ते काम लवकर उरकत नाही. एन्झाइम संपृक्त झालं असं म्हणतात ते या अवस्थेला.

‘एन्झाइम थकतं’ हे उत्तर मी उत्तरपत्रिकांमध्ये वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. ते मनातून काढून टाका. कुठल्याही प्रश्नात स्वतःला एवढंच विचारा: या क्षणी एन्झाइमचे किती रेणू गुंतलेले आहेत आणि किती मोकळे? खालच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात.

रेघ आडवी झाली म्हणजे अभिक्रिया थांबली ना?

नाही, तिथे ती सर्वांत जोरात चालू असते. आधी अक्ष बघा. आपल्या आलेखात आडव्या अक्षावर संहती आणि उभ्या अक्षावर वेग आहे. ‘वेळ’ आणि ‘तयार झालेलं उत्पादित’ असा दुसरा एक आलेख असतो. त्यातली रेघ आडवी झाली तर मात्र अभिक्रिया खरंच थांबलेली असते. दोन्ही रेघा दिसायला सारख्या असल्यामुळे हा घोटाळा होतो.

व्हीमॅक्स म्हणजे एन्झाइमचा स्वतःचा कमाल वेग का?

अर्धं बरोबर. व्हीमॅक्स म्हणजे नळीतलं सगळं एन्झाइम गुंतलेलं असताना मिळणारा वेग. साहजिकच तो नळीत एन्झाइम किती टाकलं यावर ठरतो. एन्झाइम दुप्पट टाका, व्हीमॅक्स दुप्पट होईल. एन्झाइमचा खरा स्वतःचा आकडा हवा असेल तर व्हीमॅक्सला एन्झाइमच्या संहतीने भागायचं. एक रेणू सेकंदाला किती फेऱ्या पुऱ्या करतो ते त्यातून कळतं.

या आकड्यातला फरक थक्क करणारा आहे. कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणारं कार्बोनिक अॅनहायड्रेझ सेकंदाला सुमारे १० लाख रेणू हातावेगळे करतं. अश्रूंमध्ये असणारं लायसोझाइम एका फेरीला सेकंदभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतं. तरीही दोघांच्या आलेखाचा आकार एकच.

आणि केएम?

ज्या संहतीला वेग बरोबर व्हीमॅक्सच्या निम्मा असतो ती संहती म्हणजे केएम. त्याचं एकक संहतीचंच असतं, म्हणजे मिलिमोलर किंवा मायक्रोमोलर. केएमपुढे वेगाचं एकक लिहिणारे दर वर्षी भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

समीकरण असं:

वेग = (व्हीमॅक्स × संहती) ÷ (केएम + संहती)

हे पाठ करण्याआधी एकदा आकडे घालून बघा. समजा व्हीमॅक्स १०० आणि केएम २ मिलिमोलर आहे. संहती ०.२ असेल तर वेग येतो सुमारे ९. ती दुप्पट करून ०.४ केली की वेग १६.७ होतो, म्हणजे दुपटीच्या जवळ. संहती २ असताना वेग ५०. आता वर जाऊ. २० ला वेग ९०.९, आणि ती दुप्पट करून ४० केली तरी जेमतेम ९५.२. तेवढीच दुप्पट, पण खालच्या टोकाला तिने वेग जवळपास दुप्पट केला आणि वरच्या टोकाला चार-साडेचारची भर घातली. ९० गाठायला संहती केएमच्या ९ पट लागते आणि ९९ गाठायला ९९ पट. पूर्ण १०० कधीच येत नाही. म्हणून आलेख काढताना रेघ व्हीमॅक्सच्या ओळीला टेकवू नका, जवळ नेऊन सोडा.

केएम कमी असलेलं एन्झाइम जास्त चांगलं, असं म्हणता येईल का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर शरीराने स्वतःच दिलं आहे.

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट जोडण्याचं काम हेक्सोकायनेझ करतं. ग्लुकोजसाठी त्याचा केएम ०.१ मिलिमोलर किंवा त्याहूनही कमी असतो. उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोलर असतं. आकडे घातले तर ५ ला हे एन्झाइम ९८ टक्के भरलेलं असतं आणि १० ला ९९ टक्के. ग्लुकोज दुप्पट झालं तरी त्याला जवळपास पत्ताच लागत नाही. मेंदूसारख्या इंद्रियाला हेच हवं असतं. रक्तातली साखर थोडी वरखाली झाली तरी त्याचं काम अडत नाही.

यकृतात आणि इन्सुलिन स्रवणाऱ्या स्वादुपिंडाच्या पेशींत मात्र त्याचाच भाऊबंद असलेलं ग्लुकोकायनेझ असतं. ते निम्मं भरायला ८ मिलिमोलरच्या आसपास ग्लुकोज लागतं. ५ ला त्याचा वेग कमाल वेगाच्या एक-तृतीयांशाच्या जवळ असतो आणि १० ला तो निम्म्याच्या वर जातो. म्हणजे रक्तातल्या चढउताराबरोबर याचाही वेग चढतो-उतरतो. जेवणानंतर साखर वाढली की यकृत जास्त साखर उचलतं आणि स्वादुपिंडाला ‘आता इन्सुलिन सोडा’ असा इशारा मिळतो. इथे ०.१ केएमचं एन्झाइम बसवलं असतं तर साखर ५ आहे की १० हे त्याला ओळखताच आलं नसतं. जास्त केएम हा इथे दोष नाही, त्याच्यामुळेच काम साधतं.

तेव्हा ‘चांगलं की वाईट’ हा निवाडा केएमकडे एकट्याकडे बघून करू नका. पेशीत प्रत्यक्ष किती सबस्ट्रेट असतो, हे त्याच्या शेजारी ठेवून बघा.

आणखी एक. ‘केएम कमी म्हणजे ओढ जास्त’ हे वाक्य ढोबळमानाने चालतं, पण ते नेहमीच खरं नसतं. सबस्ट्रेट किती घट्ट धरला जातो याच्या जोडीला आतलं काम किती वेगाने होतं, हेही केएममध्ये मिसळलेलं असतं. बसलेला सबस्ट्रेट उत्पादित होण्यापेक्षा सुटून परत जाण्याचीच शक्यता खूप जास्त असेल, तेव्हाच केएम हे निव्वळ ओढीचं माप ठरतं.

हे समीकरण कोणी मांडलं?

समीकरणाला नावं मायकेलिस आणि मेंटेन यांची असली तरी वाट आधीच पडायला लागली होती. यीस्टमधलं इन्व्हर्टेझ साखर फोडतं. साखर भरपूर असली तर ती आणखी वाढवून वेगात फरक पडत नाही, हे एड्रियन ब्राउन यांनी १९०२ मध्ये दाखवलं. सबस्ट्रेट एन्झाइमला आधी काही काळ चिकटत असला पाहिजे, हा विचार त्यातून आला. १९०३ मध्ये व्हिक्टर हेन्री यांनी तो गणितात मांडला. पुढे बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून तिथे आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी तेच काम नेटाने पुरं केलं आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केलं.

त्यांच्या प्रयोगाची रीत समजून घेण्यासारखी आहे. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) सोडला की त्याचं प्रतल एका बाजूला वळतं. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं की ते उलट बाजूला वळतं. ‘इन्व्हर्टेझ’ हे नाव त्या उलटण्यावरूनच पडलं. हा कोन मोजत गेलं की किती साखर फुटली ते कळतं. पण एक अडचण होती. ताज्या सुटलेल्या ग्लुकोजचा स्वतःचा कोनही काही वेळ बदलत राहतो. म्हणून ठरलेल्या वेळी द्रावण काढून त्यात अल्कली घालायचं. एन्झाइम तिथल्या तिथे थांबतं आणि ग्लुकोजही चटकन स्थिरावतं. शिवाय बफर वापरून त्यांनी द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) कायम ठेवला. सामू मोजण्याची पट्टी १९०९ मध्ये आलेली, म्हणजे तेव्हा अगदी नवी होती. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सुरुवातीचाच वेग धरला. मेंटेन यांचं नाव वर्गात नुसतं जोडनाव म्हणून घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. प्रयोगातली ही शिस्त होती म्हणूनच समीकरण टिकलं.

१९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी तेच समीकरण जास्त व्यापक गृहीतकावरून काढलं. आज पुस्तकात सिद्धता असते ती बहुधा त्यांची.

सुरुवातीचाच वेग मोजायचा हा हट्ट कशासाठी?

एका प्रात्यक्षिकात घडलेलं सांगतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करणारं कॅटालेझ यीस्टमध्ये भरपूर असतं. पाच नळ्या, पाचांत पेरॉक्साइडच्या वेगवेगळ्या संहती, प्रत्येकीत सारखंच यीस्ट, आणि निघणारा ऑक्सिजन पाण्यावर उपड्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करायचा, असा साधा प्रयोग होता. एका गटाने प्रत्येक नळी बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवली आणि एकूण वायू मोजला. आलेख आला एकदम सरळ, पट्टीने आखल्यासारखा. गट खूश, आणि रेघ वाकली नाही म्हणून गोंधळलेलाही.

त्यांनी वेग मोजलाच नव्हता. अभिक्रिया शेवटाला गेली की सगळं पेरॉक्साइड संपलेलं असतं, त्यामुळे जेवढं टाकलं त्या प्रमाणातच वायू मिळणार. स्वतः काय ओतलं होतं तेच त्यांनी परत मोजलं.

वेग हवा असेल तर पहिल्या २०-३० सेकंदांतच बघावं लागतं. यीस्ट टाकल्याबरोबर नळीच्या तळाशी पांढरट फेस उसळतो आणि मोजपात्रात बुडबुड्यांची माळ लागते. तो क्षण मोजायचा. मिनिटभराने बुडबुडे मंदावलेले दिसतात, तोवर तुम्ही लिहून ठेवलेली संहती नळीत उरलेलीच नसते. उत्पादितही साचलेलं असतं, आणि ते कधी कधी एन्झाइमला अडवतं. सबस्ट्रेट फार तर ५-१० टक्के खर्च झालेला असेल तोवरचंच वाचन घ्या.

प्रत्येक नळीतलं एकूण आकारमान पाणी घालून सारखं करायला विसरू नका. नाहीतर एन्झाइमची संहतीही नकळत बदलते.

आम्ही सुरुवातीचा वेग मोजला, तरी कॅटालेझचा आलेख नीट सपाट होत नाही. चूक कुठे?

तुमची चूक असेलच असं नाही. कॅटालेझला संपृक्त करणं अतिशय अवघड असतं, आणि पेरॉक्साइड फार दाट केलं की ते एन्झाइमलाच निकामी करायला लागतं. ३ टक्क्यांचं साधं पेरॉक्साइडसुद्धा लिटरमागे सुमारे ०.९ मोल असतं, म्हणजे बरंच दाट. अभिक्रियेत उष्णताही निघते, त्यामुळे दाट नळी थोडी तापते. अशा आलेखातून केएम काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅटालेझ वेग आणि संहती यांचा संबंध डोळ्यांनी बघायला उत्तम आहे, कारण फेस दिसतो. वळण नीट बघायचं असेल तर इन्व्हर्टेझ किंवा अल्कलाइन फॉस्फटेझ घ्या. फॉस्फटेझसाठी असा सबस्ट्रेट मिळतो की त्यापासून पिवळं उत्पादित तयार होतं, आणि रंगाची तीव्रता यंत्रावर सहज मोजता येते.

लाइनविव्हर–बर्क आलेख का काढायचा? आणि तो चुकीचा आहे असं का ऐकू येतं?

वाकड्या रेघेवरून व्हीमॅक्स अंदाजाने ठरवावा लागतो. १९३४ मध्ये सुचवलेल्या या पद्धतीत वेग आणि संहती दोघांचे व्यस्त (१ भागिले तो आकडा) घेऊन आलेख काढला की सरळ रेघ मिळते. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो व्हीमॅक्सचा व्यस्त, आणि मागे वाढवल्यावर आडव्या अक्षाला जिथे छेदते तो केएमचा ऋण व्यस्त.

पद्धत चुकीची नाही, पण ती चुका फुगवते. वेग ९ ऐवजी ८ मोजला गेला तर व्यस्त ०.१११ वरून ०.१२५ होतो. ९० ऐवजी ८९ मोजला गेला तर ०.०१११ वरून ०.०११२. चूक दोन्हीकडे एकाचीच, पण विरळ द्रावणातलं वाचन सगळी रेघ आपल्याकडे ओढून घेतं, आणि नेमकी तीच वाचनं सर्वांत कमी भरवशाची असतात. आता संगणकावर मूळ वक्रच थेट बसवता येतो, तेव्हा आकडे त्यातूनच काढावेत. लाइनविव्हर–बर्क निरोधकाचा, म्हणजे एन्झाइमचं काम अडवणाऱ्या पदार्थाचा, प्रकार एका नजरेत ओळखण्यासाठी ठेवावा.

निरोधक असताना सबस्ट्रेट वाढवून उपयोग होतो का?

निरोधक सबस्ट्रेटच्याच जागेवर बसणारा असेल तर होतो. दोघांत एका जागेसाठी चढाओढ असते, त्यामुळे सबस्ट्रेट पुरेसा वाढवला की तो निरोधकाला मागे सारतो. व्हीमॅक्स तोच राहतो, तिथे पोचायला संहती मात्र जास्त लागते, म्हणजे केएम वाढलेला दिसतो. निरोधक दुसरीकडे बसून एन्झाइमच बिघडवत असेल तर सबस्ट्रेट कितीही ओता, बिघडलेले रेणू कामावर येत नाहीत आणि व्हीमॅक्स घटतो.

या चढाओढीचा उपयोग जीव वाचवायला होतो. मिथेनॉल पोटात गेलं तर यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेझ त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं आणि पुढे फॉर्मिक अॅसिड तयार होतं. दृष्टी जाते ती त्याने. हेच एन्झाइम इथेनॉललाही (पिण्याच्या दारूतल्या अल्कोहोललाही) धरतं, आणि मिथेनॉलपेक्षा कितीतरी आवडीने. म्हणून रुग्णालयात मोजून इथेनॉल किंवा फोमेपिझोल हे औषध देतात. एन्झाइमची जागा अडली की मिथेनॉलचं विषात रूपांतर मंदावतं आणि ते शरीराबाहेर काढायला वेळ मिळतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. घरी कोणीही हा उपाय करू नये.

सबस्ट्रेट फार जास्त झाला तर वेग उलट कमी होतो, हे खरं आहे का?

काही एन्झाइमांच्या बाबतीत खरं आहे. दुसरा रेणू चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या वेळी चिकटून बसतो आणि फेरी पुरी होत नाही. मज्जातंतूंच्या सांध्यांवरचं अॅसिटिलकोलिनएस्टरेझ हे याचं जुनं, नीट तपासलेलं उदाहरण. याचा आलेख वर चढून पुन्हा खाली झुकतो.

काही आलेख इंग्रजी एस अक्षरासारखे का दिसतात?

त्या एन्झाइमांना एकाहून अधिक जागा असतात आणि एक जागा भरली की बाकीच्यांना सबस्ट्रेट धरणं सोपं जातं. सुरुवातीला वेग रेंगाळतो, मग एकदम उसळतो. त्यामुळे संहतीत थोडाच बदल होऊन वेगात मोठा फरक पडतो, आणि म्हणून अशी एन्झाइमं चयापचयाच्या नाक्यांवर सापडतात. साध्या एन्झाइमला १० टक्के वेगावरून ९० टक्क्यांवर जायला संहती ८१ पट वाढवावी लागते. यांना त्याहून खूप कमी वाढ पुरते. मायकेलिस–मेंटेनचं समीकरण इथे लागू पडत नाही.

रक्ततपासणीत या सगळ्याचा काही संबंध येतो का?

रोजच येतो. तिथे आलेखाची दोन टोकं दोन वेगळ्या कामांना वापरतात.

यकृताच्या तपासणीत एएलटी हे एन्झाइम रक्तात किती आहे ते बघतात. यासाठी नळीत सबस्ट्रेट मुद्दाम भरपूर ठेवतात. आलेखाच्या सपाट भागात सबस्ट्रेट थोडा कमीजास्त झाला तरी वेग हलत नाही, त्यामुळे मिळालेला वेग थेट एन्झाइमचं प्रमाण सांगतो. ग्लुकोजसारखा पदार्थच वेगावरून मोजायचा असेल तर उलट करतात. संहती केएमच्या बरीच खाली राहील अशी व्यवस्था ठेवतात, कारण सरळ भागातच वेग संहतीच्या प्रमाणात असतो.

पहिल्या प्रकारात एक सापळा आहे. यकृताला जबर इजा झालेल्या रुग्णाच्या रक्तात एन्झाइम इतकं असतं की यंत्र मोजायला लागण्याआधीच नळीतला सबस्ट्रेट संपून जातो. मग वेग कमी दिसतो आणि आकडा फसवा कमी येतो. यंत्राने सबस्ट्रेट संपल्याची खूण दाखवली की जाणकार तंत्रज्ञ नमुना पातळ करून पुन्हा लावतो आणि आलेल्या आकड्याला तेवढ्या पटीने गुणतो.

दारू ठराविक गतीनेच का उतरते?

कारण यकृतातलं तेच अल्कोहोल डिहायड्रोजिनेझ थोड्याशा दारूनेच भरून जातं. इथेनॉलसाठी त्याच्या मुख्य प्रकारांचा केएम १ मिलिमोलरच्या आसपास किंवा खाली असतो. रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू म्हणजे सुमारे ११ मिलिमोलर. पहिल्या काही घोटांनंतरच आपण आलेखाच्या सपाट भागात असतो. शिवाय या कामाला लागणारा एनएडी हा जोडीदार रेणू पुन्हा तयार व्हायलाही वेळ लागतो. म्हणून रक्तातलं प्रमाण तासाला सरासरी १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं, व्यक्तीनुसार थोडं कमीजास्त. कॉफीने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने या गतीत फरक पडत नाही.

औषधांच्या बाबतीतही असं होतं का?

बहुतेक औषधं नेहमीच्या मात्रेत केएमच्या खूप खाली असतात. मात्रा दुप्पट केली की रक्तातलं प्रमाण दुप्पट होतं, हिशेब सोपा. फिट्सवरचं फेनिटॉइन हा ठळक अपवाद. उपचाराला लागणाऱ्या पातळीतच ते मोडणारं एन्झाइम भरत आलेलं असतं. शरीरात जाणारं औषध थोडंच वाढवलं तरी बाहेर जाण्याचा वेग त्या प्रमाणात वाढू शकत नाही, आणि रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा खूप वर चढते. डोळे लकलकतात, चाल अडखळते. म्हणून डॉक्टर या गोळीची मात्रा अगदी लहान पायऱ्यांनी वाढवतात आणि मधे रक्तातली पातळी तपासून घेतात.